सोळाव्या वर्षी काय जमतं आणि कुठे निसटतं

किशोरवयाचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत पूर्णच होत नाही.’ पालकसभेत येतं, पुरवण्यांमधल्या लेखांत येतं, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर वरचेवर येतं. एका घरात ते मुलाला पाठीशी घालायला वापरलं जातं, दुसऱ्या घरात त्याच्या हातून शाखेची निवडसुद्धा काढून घ्यायला. या वाक्यात थोडं खरं आहे. पण त्या थोड्या खऱ्यामुळे पालकांना आणि शिक्षकांना रोज उपयोगी पडेल अशी माहिती झाकली जाते, याची मला काळजी वाटते.

आधी तो पंचवीसचा आकडा पाहू. १९९९ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा एमआरआय काढले. मेंदूच्या वरच्या थरातला करडा भाग, म्हणजे ग्रे मॅटर, लहानपणी वाढतो आणि किशोरवयात कमी होऊ लागतो, असं त्यांना दिसलं. कपाळामागच्या भागात हा कळस मुलींमध्ये साधारण ११ व्या आणि मुलांमध्ये १२ व्या वर्षी आला होता. २००४ साली त्याच संस्थेतल्या नितीन गोगटे यांच्या गटाने १३ मुलांचे ४ ते २१ या वयातले, दर दोन वर्षांनी काढलेले स्कॅन एकत्र जोडले. पाहणं, स्पर्श, हालचाल यांचे भाग आधी तयार होतात आणि बेत आखणं, मनाला आवर घालणं यात गुंतलेला कपाळामागचा भाग उशिरा, हे त्यातून डोळ्यांना दिसलं. निरीक्षण २१ व्या वर्षी थांबलं म्हणून आलेखही तिथेच थांबला. अशा अभ्यासांच्या टोकांवरून अंदाजाने विशीच्या मध्यावर बोट ठेवलं गेलं आणि आकडा चिकटला.

२०२२ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात १,०१,४५७ माणसांच्या १,२३,९८४ स्कॅनवरून काढलेले वाढीचे तक्ते आले. बाळाचं वजन-उंची तक्त्यावर मांडतात तसे मेंदूचे. त्यात करड्या भागाचं एकूण आकारमान ६ व्या वर्षाच्या आसपास कळस गाठतं आणि पांढऱ्या भागाचं, म्हणजे मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण असलेल्या जोडतारांचं, २९ व्या वर्षाच्या आसपास. मग ‘पूर्ण वाढ’ म्हणायची कशाला? सहाला की एकोणतिसाला? मेंदूतली एखादी गोष्ट पंचविसाव्या वाढदिवशी पूर्ण झाली, असं कुठलाच अभ्यास सांगत नाही.

करडा भाग कमी होतो म्हणजे काही तरी झिजतं, असंही समजू नये. पेशींमधले कमी वापरातले सांधे काढून टाकले जातात आणि उरलेल्या तारांवर मायलिन चढतं. एमआरआयला सांधे दिसत नाहीत, ढोबळ जाडी दिसते. त्यासाठी मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. २०११ साली झागरेबच्या झ्द्राव्को पेटान्येक यांच्या गटाने ते केलं, तेव्हा कपाळामागच्या भागातली ही छाटणी वयाच्या विशीतही चालू असल्याचं दिसलं. म्हणजे गद्धेपंचविशीत मेंदू बदलत असतो, हे खरंच. पण बदलत असणं वेगळं आणि काम करण्याजोगा नसणं वेगळं.

काम किती जमतं ते पाहायचं तर स्कॅनपेक्षा वागणं मोजावं. २०२३ साली पिट्सबर्गमधल्या गटाने ८ ते ३५ वयाच्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या १७ प्रकारच्या चाचण्या एकत्र केल्या. लक्ष टिकवणं, हात आवरणं, डोक्यात माहिती धरून ठेवणं, नियम बदलला की लगेच जुळवून घेणं, अशा या चाचण्या होत्या. १० ते १५ या काळात झपाट्याने सुधारणा, १५ ते १८ मध्ये हळू, आणि १८ ते २० च्या दरम्यान प्रौढांइतकी पातळी. शांत खोलीत, एकट्याने, घाई नसताना सोळा-सतरा वर्षांचं मूल विचार करतं तेव्हा ते मोठ्या माणसापेक्षा फारसं मागे नसतं.

दुसरा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या गटाने भारतासह ११ देशांतल्या १० ते ३० वयाच्या पाच हजारांवर लोकांना तपासलं. शांतपणे विचार करण्याची कुवत १६ च्या सुमाराला प्रौढांइतकी होते. पण उत्साहाच्या भरात, चार लोकांच्या देखत किंवा लगेच काही मिळणार असताना स्वतःला आवरण्याची कुवत १८ नंतरही वाढत राहते. त्याच लोकांमध्ये थराराची ओढ १९ च्या आसपास सगळ्यात जास्त आढळली. शांत डोक्याची कुवत आणि ही आवरण्याची कुवत, या दोन्हींमध्ये काही वर्षांचं अंतर पडतं. आपण ज्याला ‘या वयाचा वेडेपणा’ म्हणतो, तो बहुतेक या अंतरात घडतो.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं : सोळा वर्षांच्या मुलाकडे स्वतःवरचा ताबा असतो, पण तो दर वेळी हाताशी येत नाही. तो कधी येतो आणि कधी येत नाही, हे बरंचसं परिस्थितीवर ठरतं, आणि परिस्थिती बदलता येते. उपदेशाने मात्र हे अंतर भरत नाही. उपदेश शांत डोक्याने ऐकला जातो आणि शांत डोक्याला तो आधीपासून माहीत असतो.

हा ताबा मोजतात कसा, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. खूप वापरली जाणारी एक चाचणी म्हणजे स्टॉप-सिग्नल. पडद्यावर बाण येतो. डावा असेल तर डावी कळ, उजवा असेल तर उजवी, जमेल तितक्या लवकर दाबायची. साधारण चारांतल्या एका फेरीत बाण दिसल्यावर क्षणभराने ‘बीप’ वाजतं. ते वाजलं की दाबायचं नाही. बाण आणि बीप यांच्यातलं अंतर सुरुवातीला समजा २५० मिलिसेकंद ठेवलं. मुलाला थांबता आलं तर पुढच्या वेळी ५० ने वाढवायचं, म्हणजे थांबणं अवघड होतं. थांबता आलं नाही तर ५० ने कमी करायचं. असं करत गाडी अशा जागी येते की निम्म्या वेळा थांबता येतं आणि निम्म्या वेळा नाही. त्यावरून मेंदूला ‘थांब’ हा हुकूम अमलात आणायला किती वेळ लागतो ते काढतात. तरुण, निरोगी माणसाला हा वेळ साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतो. लहान मुलांना जास्त लागतो आणि वयाबरोबर तो उतरत जातो. हुकूम निघतो तो कपाळामागच्या उजव्या बाजूच्या खालच्या पट्ट्यातून आणि हालचालींची तयारी करणाऱ्या भागातून. तो मेंदूच्या आत खोलवर असलेल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या छोट्याशा गाठीपर्यंत पोचला की हात थबकतो.

ही चाचणी बिघडते कुठे, तेही सांगतो. चलाख मुलाला दोन मिनिटांत कळतं की बीपची वाट पाहत बसलं तर चुका होत नाहीत. मग ते कळ उशिरा दाबायला लागतं आणि सगळा हिशोब कोलमडतो. म्हणून आधीच सांगावं लागतं : ‘निम्म्या वेळा तुला थांबता येणार नाही, ते ठरलेलंच आहे, वाट पाहू नकोस.’ २०१९ साली या क्षेत्रातल्या जाणकारांनी एकत्र येऊन नियम लिहिले, त्यात किमान ५० तरी थांबण्याच्या फेऱ्या हव्यात असं म्हटलं आहे. म्हणजे एकूण २०० फेऱ्या. मोबाईलवर दोन मिनिटांत ‘तुमच्या मुलाचा सेल्फ-कंट्रोल स्कोअर’ देणारं अ‍ॅप किती विश्वासाचं, ते यावरून कळेल. शिवाय अशा चाचणीतला आकडा आणि पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीतलं मुलाचं वर्णन यांचा मेळ फार थोडा बसतो. चाचणी सांगते की नीट लक्ष दिलं तर मुलाला काय जमतं. प्रश्नावली सांगते की मंगळवारी संध्याकाळी दमून आल्यावर ते काय करतं. दोन्ही माहिती खरी आहे, फक्त एकीचं काम दुसरी करू शकत नाही.

परिस्थितीने काय फरक पडतो, याचा एक नमुना. २०१६ मध्ये बी. जे. केसी यांच्या गटाने १३ ते २५ वयाच्या मुलामुलींना हात आवरण्याची अशीच एक चाचणी दिली, पण काही फेऱ्यांत अचानक मोठा कर्कश आवाज होण्याची टांगती भीती ठेवली. एरवी १८ ते २१ ची मुलं मोठ्यांसारखीच वागत होती. भीतीच्या छायेत मात्र ती २२ ते २५ वाल्यांपेक्षा मागे पडली. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाला केबिनमध्ये उभं करून, ‘आत्ताच्या आत्ता खरं काय ते सांग’ म्हणून दरडावलं की ते जे काही बोलून बसतं, त्याचा अर्थ लावताना हे ध्यानात असावं. उलट बाजूही आहे. बरोबर उत्तराला बक्षीस ठेवलं की किशोरवयीन मुलांचा ताबा चाचणीत सुधारतो. बक्षिसाची ओढ या वयात नुसती घसरवतेच असं नाही, नीट लावली तर तीच सावरते.

मित्रांचा परिणाम तर सगळ्यात पक्का. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना कॉम्प्युटरवर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला, थांबायचं की दामटायचं? १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे असे तीन गट केले. एकटं खेळताना आणि मित्र बघत असताना केलेल्या धाडसातला फरक सर्वात लहान गटात सर्वात मोठा, मधल्यात कमी, आणि मोठ्यांत जवळजवळ नव्हताच. २०११ मध्ये हाच प्रकार एमआरआय यंत्रात केला. मित्र शेजारच्या खोलीत होते, फक्त पडद्यावर बघत होते. मित्र बघताहेत एवढं कळल्याने किशोरवयीन मुलांच्या मेंदूतला बक्षिसाचा भाग जास्त पेटला आणि धडकाही वाढल्या. मित्रांनी चिथावणी द्यावीच लागते असं नाही.

याच्या पुढचा अभ्यास मला फार उपयोगाचा वाटतो. २०१६ सालीच असं दिसलं की १८ ते २२ वयाच्या मुलांच्या टोळक्यात २५ ते ३० चा एकच जण बसवला, तर टोळक्यामुळे वाढणारा धोका जवळजवळ उरत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी, एनसीसी आणि एनएसएसच्या शिबिरांनी आणि वसतिगृहांनी हे उचलायला हवं असं मला मनापासून वाटतं. पंचावन्न वर्षांचे सर पायथ्याच्या हॉटेलात बसून फोनवर चौकशी करतात, त्याने हे होणार नाही. मुलं ज्याला आपल्यातलाच मानतात असा सत्तावीस-अठ्ठावीसचा दादा किंवा ताई, दर सात-आठ जणांमागे एक, आणि धबधब्याच्या कडेला तो किंवा ती प्रत्यक्ष त्यांच्यात उभी हवी. कडेवर सेल्फी काढताना सूचनांचा फलक कुणी वाचत नाही.

गाडीचंही तेच. १६ ते १८ वयात कायद्याने परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा. घराघरातली ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. ‘गिअर नाही म्हणजे चालतं’ हा समज चुकीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड सांगतं, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पण अठराव्या वाढदिवसानंतर काय, याबद्दल आपला कायदा गप्प आहे. न्यूझीलंडने १९८७ पासून परवाना टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली : मधल्या टप्प्यात रात्री एकट्याने गाडी चालवायची नाही आणि मित्रांना बसवायचं नाही. आपल्याकडे सरकारने केलं नाही तरी घरात हा नियम करता येतो. परवाना मिळाल्यापासून पहिले सहा महिने मागे मित्र नाही आणि रात्री दहानंतर गाडी नाही. नियम चावी देण्याच्या आधी, दोघांनी बसून ठरवायचा. चावी हातात गेल्यावर ठरवलेल्या नियमाला मुलं शिक्षा समजतात.

आता झोप. इथे आपण मोठी माणसं सर्वात जास्त नुकसान करतो आणि वर मुलालाच आळशी म्हणतो. वयात आल्यावर मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवायला लागतं आणि दिवसभर जागल्याने जी झोपेची ओढ साठते तीही सावकाश साठते. म्हणून नववी-दहावीच्या मुलाला साडेनवाला पडूनसुद्धा झोप येत नाही. हे झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्काडन यांनी कित्येक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवलं आहे. गरज मात्र घटत नाही : १३ ते १८ या वयात ८ ते १० तास. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. सिएटलमध्ये २०१६ साली शाळा ७:५० वरून ८:४५ ला नेली तेव्हा मुलांची रोजची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. उशिरा भरवलं तर मुलं आणखी जागतील, ही भीती खोटी ठरली. महाराष्ट्रात २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय झाला. तो चांगलाच आहे. पण शरीराच्या घड्याळाने ज्यांना खरा उशीर होतो ती आठवी ते बारावीची मुलं आजही सातच्या कॉलेजला आणि त्याआधीच्या क्लासला धावतात.

साधा हिशोब करून पाहा. क्लास साडेसहाचा, उठायचं साडेपाचला. आठ तास हवे तर झोप साडेनवाला लागायला हवी. ती अकराच्या आधी लागत नाही. म्हणजे रोज दीड तासाची उधारी, आठवड्याला नऊ तास. रविवारी बारापर्यंत झोपून ती फिटत नाही. उलट घड्याळ आणखी पुढे सरकतं आणि सोमवार जड जातो. अपुऱ्या झोपेने पहिल्यांदा ढासळतो तो हाच ताबा. गणित येत असूनही ‘सिली मिस्टेक’ होते, घरात फटकन उत्तर दिलं जातं. करता येण्यासारखं बरंच आहे. उठायची वेळ रोजची एकच, सुट्टीच्या दिवशी फार तर तासाभराने उशिरा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गच्चीत किंवा गॅलरीत उजेडात. दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांची आणि चारच्या आत. चहा-कॉफी संध्याकाळी पाचनंतर नाही, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर, आणि तो आई-बाबांचाही. आणि सकाळचा क्लास बदलता येत नसेल तर रात्रीची शेवटची ‘रिव्हिजन’ काढून टाका, झोप नाही. वाचलेलं पक्कं होण्याचं काम मेंदू झोपेत करतो.

रक्तातल्या लोहाबद्दल या चर्चेत कुणी बोलत नाही, ते मला खटकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी असलं की लक्ष आणि स्मरण दोन्ही मंदावतात, आणि वर्गात त्याला ‘मन लावत नाही’ असं नाव पडतं. यावरचा एक फार चांगला प्रयोग आपल्याच राज्यातला आहे. निवासी शाळांतल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना सहा महिने जास्त लोह असलेल्या बाजरीच्या भाकरी दिल्या, दुसऱ्या गटाला साध्या बाजरीच्या. पहिल्या गटाची लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांतली सुधारणा जास्त होती. ‘धनशक्ती’ नावाचं बाजरीचं हे वाण बाजारात आहे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची, मुली बऱ्याचदा गुपचूप टाकून देतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. ती जेवणानंतर घ्यायची, पुढेमागे तासभर चहा नाही, ताटात लिंबू किंवा आवळा असला तर उत्तम. शौच काळं होतं, घाबरायचं कारण नाही. हे एवढं आधी सांगितलं तरी टाकलेल्या गोळ्या कमी होतील.

घरात काय करायचं, तर आधी मुलाला ‘ताबा ठेव’ म्हणणं सोडावं, कारण त्यात करण्यासारखं काहीच सांगितलेलं नसतं. त्याऐवजी ‘जर-तर’चा बेत. एक प्रसंग, एक कृती, मुलाच्याच शब्दांत, एकदा मोठ्याने म्हणून. ‘जर गाडी चालवणारा प्यालेला असेल, तर मी घरी फोन करून आजीचं औषध आणलंस का असं विचारीन.’ हा सांकेतिक प्रश्न आला की बाबांनी कुठे आहेस एवढंच विचारायचं आणि घ्यायला जायचं. त्या रात्री चौकशी नाही, बोलणं दुसऱ्या दिवशी जेवल्यावर. एकदा जरी गाडीतच उलटतपासणी झाली, तरी तो फोन पुन्हा येत नाही. हे बेत फसतात ते दोन कारणांनी : ‘मी चिडणार नाही’ असे नकाराचे बेत केले जातात, ज्यात हाताला काम नसतं, किंवा एका दमात दहा बेत केले जातात.

मोहाशी झुंजण्यापेक्षा तो समोरून हटवणं मोठ्यांनाही सोपं जातं. अभ्यासाच्या वेळी फोन खिशात सायलेंटवर नको, दुसऱ्या खोलीत हवा. कामं तोंडी, एकामागून एक चार सांगू नका. डोक्यात माहिती धरण्याची कुवत प्रौढांइतकी व्हायला, बीट्रिझ लूना यांच्या २००४ च्या मोजणीप्रमाणे, १९ उजाडतं. मूल ऐकूनही विसरतं, ते दर वेळी दुर्लक्ष नसतं. फ्रिजवर लिहून ठेवा. आणि ज्या निर्णयांना वेळ देता येतो, म्हणजे शाखा, कॉलेज, एखादी शस्त्रक्रिया, त्यात सोळा वर्षांच्या मुलाचं मत पूर्ण वजनाने घ्या. तिथे त्याची कुवत तयार आहे.

मेंदूचा मधला भाग ‘जागा’ करून मुलांना डोळे बांधूनही वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या वर्गांना हजारो रुपये घालू नका. मिडब्रेन जन्मापासून चालूच असतो, डोळ्यांची हालचालही तोच सांभाळतो, आणि पट्टी बांधून वाचणारं मूल नाकाजवळच्या फटीतून बघत असतं. बोटांच्या ठशांवरून मेंदूची कुवत सांगणाऱ्या डीएमआयटीलाही शास्त्रीय आधार नाही. ठसे गर्भातच ठरतात, त्यानंतर मेंदूत काय घडलं ते त्यांना ठाऊक नसतं.

सगळंच वयावर ढकलणंही धोक्याचं. आतापर्यंत बरं सांभाळणारं मूल सोळाव्या-सतराव्या वर्षी दोन-चार आठवड्यांत अचानक घसरलं, झोप-भूक बदलली, मित्र तुटले, आवडीचं काहीच नकोसं झालं, तर ते किशोरवय नव्हे. नैराश्य, नशा किंवा कुणाकडून होणारा छळ, यांची चौकशी आधी करा. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची, लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर-शाळा अशा दोन्हीकडे दिसावी लागतात. बारावीच्या दडपणात पहिल्यांदा उडालेलं लक्ष म्हणजे एडीएचडी असं परस्पर ठरवू नये. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर मराठीतही बोलते.

शेवटी कायद्याकडे येतो, कारण शांत आणि तापलेल्या डोक्यातला फरक तिथे कुणाच्या तरी आयुष्याचा प्रश्न होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अठराच्या आतल्या गुन्हेगारांची फाशी बंद केली. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५ उलट दिशेला एक दार उघडतं : १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करायचं. गुन्हा करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कोणत्या परिस्थितीत ते घडलं, हे पाहायचं. त्यावर खटला मोठ्यांसारखा चालवायचा की नाही ते ठरतं. मुदत तीन महिन्यांची. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

हे मूल्यांकन होतं घटनेनंतर काही आठवड्यांनी, शांत खोलीत, एकट्या मुलाशी बोलून. ‘चाकू मारला तर काय होतं?’ याचं बरोबर उत्तर सोळा वर्षांचं जवळजवळ प्रत्येक मूल देईल. बुद्ध्यांकाची चाचणीही हेच दाखवील. त्या रात्री, त्या टोळक्यात, त्या मुलाच्या हाताशी ताबा होता का, हे यातून कळत नाही. स्कॅनमधूनही कळणार नाही, कारण हे सारे आलेख हजारोंच्या सरासरीचे आहेत आणि एकाच वयाच्या दोन मुलांत खूप अंतर असतं. म्हणून अहवाल लिहिणाऱ्याने कलमातल्या तिसऱ्या मुद्द्याला, परिस्थितीला, सर्वात जास्त जागा द्यावी. बरोबर कोण होतं आणि कोणत्या वयाचं? मोठ्यांपैकी कुणी पुढे केलं का? किती वाजले होते, आदल्या दोन रात्री झोप किती झाली होती? नशा होती का? ठरवून केलेलं होतं की मिनिटाभरात पेटलेलं, आणि मध्ये थांबायला जागा होती का? बेत आठवडाभर शिजला असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावं, कारण तेव्हा डोकं थंड होतं आणि थंड डोक्याची कुवत सोळाव्या वर्षी तयार असते.